बाबांच्या थडग्यावरचा दिवा

गुरुवार, ६ जून

१. एप्रिलमध्ये बाबांना घरासमोर पुरलं. पेसा मामाने तिथे दिवा लावून दिला.
२. वायर चर्चच्या भोंग्याची. उरलेली होती म्हणून.
३. दिवा बारा व्होल्टचा. इतक्या बारीक वायरीतून थडग्यापर्यंत जेमतेम दहा पोचतात.
४. आई रोज संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर जाऊन तो लावते. फोनवर म्हणाली, "मंद जळतोय गं. त्यांना थंडी वाजत असेल."
५. मी रजा टाकून राजधानीहून, आपियाहून, बोटीने या बेटावर आले. वायरीसाठी. सगळ्यांना असंच सांगितलंय.

शनिवार, ८ जून

हिशेब केला. अंतर वीस मीटर, करंट तीन अँपिअर. अडीच चौरस मिलिमीटरची वायर कमी पडते, चारची हवी. एलईडी लावला असता तर जुनी वायरही चालली असती, पण आई ऐकत नाही. "तो पांढरा उजेड दवाखान्यातला. त्यांनी शेवटी तोच पाहिला. आता नको." चारची वायर मागवली.

ऑकलंडहून लेपेका ताईचा फोन. आईला कायमचं तिकडे न्यायचंय, तिकीट पुढच्या महिन्याचं. "ती म्हणते, मी आले तर दिवा कोण लावणार? तू सेन्सर बसव ना, तिलो. आपोआप लागेल. मग तिला कारणच उरणार नाही."

बरोबर आहे. सेन्सर बसवते.

सोमवार, १० जून

मामाला सांगितलं होतं, सेन्सरचं तोंड आभाळाकडे ठेव. त्याने तो दिव्याखालीच ठोकला — पावसात भिजू नये म्हणून! दिवा लागला की सेन्सरला वाटतं दिवस उजाडला. विझतो. अंधार पडतो. परत लागतो.

आणि नेमका तेव्हाच प्रार्थनेचा शंख वाजला. प्रार्थना संपून पुन्हा शंख वाजेपर्यंत गावात कुणीही घराबाहेर पडायचं नाही. आम्ही चटईवर बसलेलो, समोर बाबांचा दिवा लुकलुकतोय. स्तोत्राच्या मध्येच मामा माझ्या कानाशी कुजबुजला, "तुझा बापही प्रार्थनेत असाच डोळे मारायचा. तुझ्या आईलाच!"

आईने ऐकलं. हसली. एप्रिलपासून पहिल्यांदा. मी बायबलात बघत राहिले.

नंतर सेन्सर काढून वर, उघड्यावर लावला. आता ठीक चालतो.

शुक्रवार, १४ जून

सेन्सर अचूक. अंधारलं की दिवा लागतो.

आई उठत नाही. केस विंचरत नाही. काल तारोचा उकडलेला कंद तसाच ताटात ठेवला. "लागला ना दिवा? मग झालं," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

सगळं पुन्हा तपासलं. दोष कुठेच नाही.

शनिवार, १५ जून

सेन्सर काढला. साधा स्विच लावला. तोही घरात नाही, थडग्याशेजारच्या खांबावर. पावसाचं पाणी शिरणार नाही अशा डबीत.

मामा म्हणाला, "एवढी शिकलीस ती उलटं चालायला का गं?"

प्रार्थना झाल्यावर आई उठली. चप्पल शोधली. दिवा लावून बराच वेळ तिथेच उभी राहिली, काहीतरी बोलत होती. आत आल्यावर म्हणाली, "कोको कर. घट्ट कर."

ताई फोनवर कडाडली. "मी तिकीट काढून बसलेय आणि तू स्विच लावतेस? वेड लागलंय का तुला?" आवाज नीट येत नाही, असं सांगून मी फोन ठेवला. आवाज नीट येत होता.

सोमवार, १७ जून

वायर आली. मामाने चर खणला. मी पाइप टाकत होते. आई काठावर येऊन बसली.

"ही एकाच दिव्याची का?"

"हो."

"दोन लावले तर?"

"करंट दुप्पट होईल. चारची पुरणार नाही. सहाचीही जरा कमीच. दहाची लागेल." तिने विचारलं, मी सांगितलं. कामाच्या भरात होते.

"मग दहाचीच टाक. पुन्हा खणत बसायला नको."

बाबांच्या शेजारच्या मोकळ्या जागेत पानं पडली होती. ती तिने हाताने एकेक वेचून बाजूला टाकली.

मी पाइप खाली ठेवला.

मंगळवार, १८ जून

आज विचारलं. बाबांच्या आजारपणात आईचीही तपासणी झाली होती. तिलाही तेच निघालं. ताईला माहीत होतं. "तुला सांगू नको, असं मीच तिला म्हटलं होतं," आई म्हणाली. "तिकडचे डॉक्टर मला बरं करणार असते तर गेले असते. तिकडे गेले तर तिकडेच पुरतील."

चारची वायर टाकली नाही, दहाची अजून मागवली नाही. ताईला एवढंच पाठवलं: "आईने सांगितलं. तिला इथेच राहायचंय. तिकीट रद्द करतेस का, ते गुरुवारपर्यंत कळव. तोवर चर उघडा ठेवते."