ढाबळ, भिंग आणि इतिवृत्तातली एक ओळ

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, रुग्णालयाच्या धुलाई विभागातून मुकादम म्हणून निवृत्त, घड्याळजींची विधवा, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक दाखवून, लालूच देऊन किंवा गोड बोलून माझ्याकडून हे लिहून घेतलेलं नाही. गोड बोलायला माझे दीर दर आठवड्याला येतात. त्यांच्या येण्यामुळेच मी लिहायला बसले, एवढं मात्र खरं. रागाच्या भरात लिहिलं असं पुढे कोणी म्हणेल. राग अकरा वर्षांचा आहे. भर केव्हाच ओसरला, राग राहिला.

कलम १. गच्चीखालच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वरची गच्ची माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावी. तिने राहावं, भाड्याने द्यावं किंवा विकावं. तिच्यावर कसलीही अट नाही. तिने या घरात पुरेशा अटी पाळल्या.

कलम २. बँकेतली ठेव नातीच्या नावाने करावी. ती आता चौदा वर्षांची आहे. तीन वर्षांची असताना काय झालं ते तिला आठवत नाही, म्हणून ते कलम ४ मध्ये लिहून ठेवत आहे.

कलम ३. भांडीकुंडी, कपाट आणि शिवणयंत्र मुलीने हवं ते ठेवून बाकी वाटून टाकावं. पतीने शर्यतींत जिंकलेले सात करंडक आहेत. त्यांतला सर्वांत मोठा मी धुण्याच्या सोड्याचं माप म्हणून वापरते. त्यात बरोबर पाव किलो मावतो आणि त्याचा तोच उपयोग चालू ठेवावा. उरलेले सहा मोडीत द्यावेत.

कलम ४. हे कलम मालमत्तेचं नाही. वकीलबाई म्हणाल्या की मृत्युपत्रात असलं लिहिण्याची गरज नसते. मी म्हटलं, गरज माझी आहे, कागद माझा आहे.

माझे पती घड्याळं दुरुस्त करत आणि शर्यतीची कबुतरं पाळत. गच्चीवरच्या ढाबळीत चौसष्ट पक्षी होते. कबुतरांच्या शर्यती भरवणाऱ्या क्लबमध्ये नाव त्यांचं होतं. खण खरवडणं, पाणी बदलणं, दांड्यांखालची रद्दी बदलणं हे सगळं मी पहाटे कामावर जाण्यापूर्वी करत असे. तक्रार म्हणून सांगत नाही. कबुतरं मला आवडतात. माणसांपेक्षा त्यांचा एक गुण मोठा: आजारी पडली की लपवत नाहीत. बघणाऱ्याने बघायचं असतं.

पतीचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे दीर, तेव्हाही क्लबचे सेक्रेटरी होते, आजही आहेत. त्या वर्षी शर्यतींच्या दोन महिने आधी त्यांनी लिलावातून एक नर आणला आणि आमच्या ढाबळीत ठेवायला दिला. देखणा होता. चहा पिताना दीर मोठ्या कौतुकाने म्हणाले, "स्वस्तात मिळाला दादा. त्या माणसाकडे पिल्लं मरतायत, म्हणून सगळं काढून टाकतोय."

हे वाक्य पतीने ऐकलं आणि मी ऐकलं. बाहेरून आलेला पक्षी चार आठवडे वेगळ्या पिंजऱ्यात ठेवायचा, हा क्लबचाच नियम, सेक्रेटरींच्याच अक्षरात भिंतीवर लावलेला. मी तो पिंजरा धुऊन आणून ठेवला. दीर हसले. म्हणाले, "वहिनी, पाहुण्याला कोणी कोठडीत ठेवतं का?" तिसऱ्या दिवशी नर माद्यांमध्ये सोडला.

महिन्याभरात अंडी फुटेनात. मी एक उजेडाला धरून पाहिलं, पिल्लू आत मेलेलं होतं. फुटली त्यांतली पिल्लं आठवडाभर जगली नाहीत. मग मोठ्यांची शीट हिरवी आणि पातळ झाली. एका मादीचा पंख लोंबला. तिच्या पंखाच्या सांध्याला हरभऱ्याएवढी गाठ होती. मी पतीला दाखवली. ते म्हणाले, संधिवात असेल, तुलाही आहेच की. सेक्रेटरींनी एक पिवळी पूड आणून तीन दिवस पाण्यात घातली. चौथ्या दिवशी पक्षी तरतरीत दिसले. पाचव्या दिवशी ते क्लबच्या सामाईक पेटाऱ्यांत इतरांच्या पक्ष्यांना खेटून शर्यतीला गेले. पुढे आणखी सात ढाबळींत जे पसरलं, ते त्या पेटाऱ्यांतून.

त्याच आठवड्यात नात आली होती. आजोबांनी तिच्या हातात कबूतर दिलं. तिने ते हात तोंडात घातले. तीन दिवसांनी ताप चढला आणि शौचातून रक्त पडू लागलं. ती नऊ दिवस रुग्णालयात होती. तिच्या वॉर्डातली कपड्यांची बोचकी माझ्याच विभागात येत. तिच्या चादरी मी ओळखत होते, कारण खाटेचा नंबर मला पाठ होता. त्या मी कोणाच्या हाती दिल्या नाहीत.

डॉक्टर येण्यापूर्वी दिरांनी मला व्हरांड्यात गाठलं. "वहिनी, कबुतरांचं नाव काढू नका. आरोग्य खात्याचे लोक येतील, सगळ्यांच्या ढाबळी बंद पाडतील. पोरगी काय, औषधाने बरी होईलच."

डॉक्टरांनी घरात पक्षी आहेत का विचारलं. पती खिडकीबाहेर बघत उभे राहिले. मी म्हटलं, चौसष्ट आहेत, आणि त्यांना हेच झालं आहे.

त्यानंतर आरोग्य खातं आलं, त्यांच्याबरोबर पशुवैद्य बाई आल्या. त्यांनी पाच दिवस प्रत्येक खणातली विष्ठा थोडी थोडी जमवून तपासली. साल्मोनेलाचे जंतू निघाले. पाहुण्या नराच्या खणात सर्वांत जास्त. तो एक दिवसही आजारी दिसला नव्हता. बाई म्हणाल्या, "दिसायला बरा म्हणजे बरा नव्हे. असेच पक्षी जन्मभर रोग वाटत फिरतात." दीर तिथेच उभे होते.

माना वाकड्या झालेले, सांधे धरलेले आणि तो पाहुणा नर, असे तेवीस पक्षी मारावे लागले. पती दुकानात निघून गेले. प्रत्येक पक्षी मी धरला आणि बाईंनी सुई दिली. त्यांत पोस्टमन होता. सलग चार वर्षं तो पहिला आला होता, त्याचं हे नाव सगळ्या क्लबने ठेवलं होतं. त्याची मान इतकी पिळवटली होती की दाणा चोचीपुढे असून त्याला टिपता येत नव्हता. सुई टोचल्यावर त्याने डोळा मिटला, बस.

उरलेल्यांना औषध दहा दिवस दिलं, तीन दिवस नाही. ढाबळ मी धुतली. धुलाईतला पहिला धडा असा की मळावर औषध ओतून काही होत नाही. आधी खरवडायचं, मग धुवायचं, मग वाळवायचं, आणि शेवटी औषध. तीन दिवस लागले. पतीने खालून पाण्याच्या बादल्या आणून दिल्या. तेवढं त्यांच्या बाजूने नोंदवते.

पुढच्या वर्षी क्लबचा छापील अहवाल आला. पतीने वाचून रद्दीत टाकला असं मी समजले. दांड्यांखाली पसरायला घेतला तेव्हा इतिवृत्ताचं पान वर आलं. त्यात ही ओळ होती: "सदर रोगाचा उगम संबंधित ढाबळीची देखभाल करणाऱ्या कुटुंबीयाच्या निष्काळजीपणात असल्याचे निदर्शनास आले." खाली सेक्रेटरींची सही. तिच्या खाली, खरं असल्याचं मान्य करून, माझ्या पतीची.

मी कागद घेऊन खाली गेले. ते भिंग डोळ्याला लावून एका मनगटी घड्याळाचा स्क्रू बसवत होते. स्क्रू खसखशीएवढा. म्हणाले, "मी वाचलं नव्हतं गं. धाकट्याने पुढे केलं, मी सही केली."

त्यानंतर ते चार वर्षं जगले. ती ओळ बदलून घ्या असं मी किती वेळा म्हटलं ते मोजलेलं नाही. त्यांचं उत्तर एकच असे, जाऊ दे, आपापसातलंच आहे. आपापसातलं म्हणजे माझ्यावरचं. माझ्या हाताखाली चाळीस बायकांनी काम केलं. शस्त्रक्रियेचे कपडे माझ्या सहीशिवाय विभागातून बाहेर जात नसत. मला कामचुकार, भांडकुदळ, काहीही म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. घाणेरडी म्हटलं. आणि नावसुद्धा घातलं नाही. कुटुंबीय म्हणे.

कलम ५. ढाबळीत आज अठरा पक्षी आहेत. सगळे पोस्टमनच्या वंशाचे. दर वर्षी दोनदा तपासणी होते, अहवाल खिडकीजवळच्या डब्यात आहेत. बाकीच्या सात ढाबळींत हा वंश उरला नाही, म्हणून दीर दर आठवड्याला येतात. मागच्या खेपेला म्हणाले, "वहिनी, तुमच्या माघारी यांचं कोण करणार? ही क्लबची शान आहे." मी म्हटलं, भाऊजी, मी अजून माघारी गेलेले नाही, चहा घ्या.

अठरापैकी सोळा पक्षी पशुवैद्य बाईंना द्यावेत. त्यांनी होकार दिला आहे.

कलम ६. उरलेली एक जोडी, निळसर नर आणि पांढऱ्या पिसाची मादी, क्लबला द्यावी. अट अशी: माझ्या मृत्यूनंतर सहा महिन्यांच्या आत क्लबच्या वार्षिक सभेत ती जुनी ओळ खोडावी, आणि तिच्या जागी सेक्रेटरींनी स्वतःच्या अक्षरात पुढील मजकूर लिहून वाचून दाखवावा: "रोग मी आणलेल्या नराकडून आला. तो कुठून येतो हे मला माहीत होतं. मी त्याला वेगळं ठेवलं नाही. ढाबळ स्वच्छ होती." टंकलिखित चालणार नाही. माझं नाव पूर्ण लिहावं. अट पुरी न झाल्यास ही जोडीही पशुवैद्य बाईंकडे जाईल.

कलम ७. पतीचं डोळ्याला लावायचं भिंग क्लबला विनाअट द्यावं. ज्या टेबलावर इतिवृत्तावर सह्या होतात त्या टेबलाला ते साखळीने बांधून ठेवावं. साखळीचा खर्च माझ्या ठेवीतून करावा.

कलम ८. ढाबळ खरवडायची लोखंडी पट्टी मी दिरांना देणार होते. वकीलबाई म्हणाल्या की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही. दिरांना मी साक्षीदार म्हणून बोलावलं आहे, त्यामुळे त्यांना पट्टीही मिळणार नाही. ती ढाबळीतच खिळ्याला राहू द्यावी.

साक्षीदाराची सही मजकूर खरा असल्याची नसते, मी त्याच्यासमोर सही केली एवढ्याचीच असते, हे वकीलबाईंनी मला दोनदा समजावलं. मला समजलं आहे. तरी वाचायचं असेल तर वाचू द्यायचं, असं मी ठरवलं आहे. सगळी पानं त्यांच्यासमोर सुलटी ठेवीन आणि चष्मा पुसून देईन. वाचून त्यांनी सही नाकारली तर खालच्या मजल्यावरचे शिक्षक सही करायला तयार आहेत, आणि मग पट्टी दिरांना द्यावी.

कलम ९. पतीचा करंडक घेतलेला फोटो ढाबळीच्या दारावर आहे. तो मी काढला नाही, कोणी काढू नये. त्याच्या शेजारी माझा लावू नये.

कलम १०. माझ्या नावाने आकाशात कबुतरं सोडू नयेत. ती परत घरीच येतात, आणि त्या दिवशी त्यांना दाणा घालायचं कोणाच्या लक्षात राहणार नाही. मला भेटायला येणाऱ्यांनी गच्चीवर गेल्यास खाली आल्यावर साबणाने हात धुवावेत. सगळ्यांनी.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. यापूर्वी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. वरील सर्व मी लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि वाचून झाल्यावर दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

स्थळ: राहतं घर, गच्चीखालची खोली
दिनांक: १४ मार्च २०१९, गुरुवार, दुपारी चार वाजता

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: (सही) मृत्युपत्र करणारीचे दीर, क्लबचे सेक्रेटरी

साक्षीदार २: (सही) धुलाई विभागातली इस्त्रीवाली, निवृत्त

साक्षीदार २ ची नोंद, मुकादमबाईंच्या सांगण्यावरून, माझ्या अक्षरात: मी सगळी पानं वाचली, कलम ४ दोनदा. पहिल्या साक्षीदारांसमोर बाईंनी पानं ठेवली, चष्मा पुसून दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, सावकाश वाचा. मला घाई नाही." ते म्हणाले, "वहिनी, तुमच्यावर विश्वास नाही का? पेन द्या." त्यांनी शेवटचं पान काढून सही केली. पेनाला टोपण लावता लावता विचारलं, "कबुतरांचं काय केलंत शेवटी?"

बाई म्हणाल्या, "लिहिलंय त्यात."