एप्रिलचं शून्य

२० एप्रिल
सकाळच्या एस.टी.नं लातूरहून नांदेड, पुढं ऑटोनं विष्णुपुरी धरणाचा काठ. सुनंदा वारल्यावर पहिल्यांदाच एकटा. तिच्या वहीत इथल्या भुंगेऱ्यांच्या मोजणीच्या, महिन्याला एक, जून ते मार्च दहा नोंदी. दोन राहिल्या. वर्ष पुरं झालं की तिच्या कॉलेजातले सर छापायला पाठवणार, तिच्या नावानं.
तिनं रोवलेली काठी सापडली. काठीजवळ चिखलावर तांब्याभर पाणी टाकायचं. चिरांतले भुंगेरे बाहेर पळतात. मोजायचे, सोडायचे. काळे, तांदळाएवढे, पाठीवर हिरवट चमक. ती मोजायची तेव्हा मी वर बाभळीखाली पेपर वाचत बसायचो.
तीनदा पाणी टाकलं. एकही नाही.
वहीत लिहिलं : एप्रिल – ०. पेनानं.

२३ एप्रिल
सरांना फोन. "काका, शून्य हीसुद्धा नोंदच असते." बरं वाटलं. तरी मार्चला एकतीस होते...

१८ मे
पुन्हा विष्णुपुरी. मासेमारी करणारे एक मामा जाळं सुकवत बसलेले. सुनंदाला ओळखायचे. मी पाणी टाकलं. काही नाही. मामा हसायला लागले.
"अप्पा, पिंडीवर धार धरून राहिलाव का?"
हात थांबला. रोज देवळात धरतो तशीच बारीक धार.
"बाई कसं करायच्या?"
"धुणं आपटल्यावानी! आख्खा तांब्या एका दमात. आमचे मासे पळायचे. लई शिव्या घातल्या बाईला." माझ्याकडं बघून, "मनातल्या मनात."
आदळलं. चिखल कपाळावरच्या भस्मापर्यंत. भुंगेरे चहूकडं पळाले, मोजायचं राहूनच गेलं. दुसऱ्यांदा मोजले : सव्वीस.

१९ मे
म्हणजे एप्रिलचं शून्य माझं. सरांना सांगितलं. "एवढं कोण बघतं, काका? काकूंचं नाव छापून येऊ द्या." त्यांचा हेतू चांगलाच.
ऑगस्टच्या पानावर सुनंदाचं अक्षर : "पाऊस. मोजणी अर्धी. धरू नये." चार दिवसांनी पुन्हा गेली होती. मी कुरकुर केली होती तेव्हा.

२१ मे
शून्यावर रेघ मारली. बाजूला लिहिलं : "पाणी चुकीचं टाकलं. धरू नये." सही माझी.
सरांना म्हटलं, पुढच्या एप्रिलपर्यंत थांबा. "बघतो," म्हणाले.

७ जून
विष्णुपुरी. हात बसायला हवा, म्हणून आता दर महिन्याला. काठी उपटून पाण्याच्या नव्या काठाला रोवली.
मामा : "वरून पाणी आलं की हे समदं बुडतंय, अप्पा."
"मग वर सरकवू."
"आन् तिथं नसले किडे तर?"
"तर शून्य लिहू." तांब्या भरून घेतला. काठोकाठ.