स्पीकर परत करू नकोस

चिमे,

स्पीकर परत करू नकोस. दुकानदाराचा फोन आला तर दादाचीच चूक झाली म्हणून सांग.

नव्या स्पीकरला कान सरावायला पंधरा दिवस लागतात, असं तू म्हणालीस. तीन आठवडे झाले, तरी डावा मला घोंगडी पांघरल्यासारखाच वाटत होता. तू निवडून आणलेस म्हणून तुझ्यावरच डाफरलो. आज सकाळी दोन्हींच्या जागा बदलल्या. तरी घोंगडी डावीकडेच. मग स्पीकरकडे पाठ करून बसलो आणि आईचं रेकॉर्डिंग लावलं. गाताना तिच्या कमरेच्या किल्ल्या डावीकडे वाजतात ना, त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा ऐकू आल्या. उजव्या कानाला.

स्पीकर धडधाकट आहेत.

कानाच्या डॉक्टरकडे चाललोय. मागोमाग येऊ नकोस. गाणाऱ्या बाईंच्या रेकॉर्डिंगचं काम संध्याकाळपर्यंत द्यायचंय, ते तूच पूर्ण कर. डावीकडचा सगळा आवाज मी चढवून ठेवलाय, तो उतरव, असं लिहिणार होतो. त्यासाठी फाइल उघडली, तर तू आधीच उतरवलेला. मग मागची कामंही उघडून बघितली. सगळीकडे माझ्यानंतर तुझा हात फिरलाय. सगळ्यात जुनी दुरुस्ती गेल्या वर्षीची आहे. तेव्हा हे स्पीकर घरात आलेही नव्हते.

चहा झाकून ठेवलाय. आल्यावर विचारणार आहे. तेव्हा माझ्या उजव्या बाजूला बसून सांग.

दादा