धुतलेल्या बरण्या

ती. आईस, पाया पडतो.

खोकला गेला, जेवतोही वेळेवर. पण डोकं फिरलंय. खाडीच्या चिखलात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं. ते कोणत्या ऋतूत कुठे वाढतं, हे आमच्या प्रयोगशाळेच्या बाई शोधतात. हिवाळाभर ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरून मी चाळीस बरण्या भरल्या, प्रत्येकीवर तारीख घातली. काल सफाईच्या मावशींनी सगळ्या घासून पालथ्या घातल्या! वर मलाच म्हणाल्या, "किती रे घाण साठवलीस!"

हिवाळ्यातलं शेवाळ आता पुढच्या हिवाळ्यातच मिळणार. तेव्हा बाई रजा देणार नाहीत, म्हणजे त्याच दिवसांत ठरलेल्या बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी नसेन. दादाला सुट्टी मिळेल ना?

मावशींवर ओरडायलाच गेलो होतो. पण बरण्या इतक्या लख्ख होत्या, की तूच आठवलीस.

तुझा,
धाकटा