काळ्या ट्रंकेतलं पदक

आप्पा, आज खंडेनवमी. सकाळपासून विळी, कोयता, शिलाई मशीन असं घरातलं सगळं लोखंड धुऊन पुसून मांडलं. शेवटी तुमचं पदक हातात घेतलं आणि तिथंच बसले. तुम्ही जाऊन एवढी वर्षं झाली, तरी त्याची फीत अजून गुलाबीच आहे. पांढऱ्या फितीवरचा लाल पट्टा पसरला तो पसरलाच. आधी हसू आलं, मग डोळे भरून आले. म्हटलं, जरा बोलावं तुमच्याशी.

एकाहत्तरच्या लढाईनंतर तुम्ही कुबडी घेऊन येळ्ळूरला आलात तेव्हा मी लहान होते, पण दारातच आईला काय सांगितलंत ते मला पाठ आहे. "लॉरी उलटली गं. पाय खाली घावला. लढाईबिढाई काय न्हाय, आमी लई मागं हुतो." आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं, एक शब्द विचारला नाही. पुढं गावात तुमची ओळखच ती झाली. पारावरची माणसं म्हणायची, "लढाईला गेला आनि लॉरीनं पाडला." तुम्हीही त्यांच्याबरोबर हसायचा, तंबाखू मळायचा. मला मात्र अस्सा राग यायचा! त्यांचा, आणि तुमचाही.

मी बेळगावला कॉलेजात जायला लागले त्या सुमाराला निरोप आला, की लढाईत जखमी झालेल्यांना पदकं द्यायची राहिली आहेत, कॅम्पात येऊन घेऊन जा. तुम्ही आधी "मला नको ते लफडं" म्हणून उडवून लावलंत. मग एका सकाळी इस्त्रीचा सदरा घालून मला म्हणालात, "चल. आईला सांग, पेन्शनच्या सहीला जातोय." खरं काय ते तुम्ही मला बसमध्ये सांगितलंत, खिडकीबाहेर बघत. लॉरी नव्हतीच. तोफगोळ्याचे तुकडे पायात घुसले होते. तुम्ही घरी आलात त्याच दिवसांत मामा भरतीला निघाला होता. तो आईचा धाकटा भाऊ, आजी गेल्यावर तिनंच वाढवलेला. तुमच्या पायाला खरं कशानं लागलं हे कळलं असतं तर तिनं त्याला उंबरा ओलांडू दिला नसता, आणि त्याला तर फौजेशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

"अजून चार-पाच वर्सं हाईत त्याच्या पेन्शनीला," तुम्ही म्हणालात. "पदक घरात दिसलं तर तिचा डोळ्याला डोळा लागायचा न्हाय."

"मग आणताय कशाला?"

"माझं हाय म्हणून. आनि घरातल्या एका मानसानं तरी बघावं म्हणून."

मैदानाच्या कडेला तुमच्यासारख्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. कुणाला पाय नाही, कुणाची बाही रिकामी. पण साहेब येणार म्हटल्यावर एकही जण खुर्चीत बसेना. तुमचा नंबर, हुद्दा, नाव पुकारलं आणि आप्पा, गावात कंबरेतून वाकून चालणारे तुम्ही असे ताठ झालात की मला क्षणभर ओळखूच आला नाहीत. साहेबानं पदक छातीला लावलं तेव्हा तुम्ही त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलंत. मी हुंदका आवरायला गेले आणि मोठ्यानं शिंकल्यासारखा आवाज आला. शेजारचे म्हातारबाबा हसले. त्यानंतर बाहेर येऊन तुम्ही पदक काढलंत, रुमालात गुंडाळलंत आणि कधी नव्हे ते मिठाईच्या दुकानातून कुंदा घेतलात. घरी आई लगेच म्हणाली, "सहीच्या दिवशी कुंदा? पेन्शन वाढली वाटतं!" तुम्ही खोकत खोकत आत गेलात आणि पदक फौजेच्या काळ्या ट्रंकेत तळाशी ठेवलंत, जुन्या जर्सीखाली.

आता एक सांगा, एवढे हुशार तुम्ही, पण ट्रंक लोखंडाची असते हे कसं विसरलात? खंडेनवमीला आई घरातला खिळासुद्धा सोडत नव्हती. त्या वर्षी आपण दोघं शेताकडून आलो तर ट्रंक अंगणात पालथी, धुऊन ऊन खात पडलेली. आत पाटावर कोयता, खुरपी, कुदळ, आणि त्यांच्यामध्ये तुमचं पदक! चिंच आणि राख लावून देवाच्या तांब्यासारखं लखलखीत घासलेलं, हळदकुंकू लावलेलं, फितीसकट धुतलेलं. तुम्ही दारातच चौकट धरून उभे राहिलात.

आई झेंडूची माळ ओवत होती. मान वर न करता म्हणाली, "रंग गेला वो त्याचा. मला काय ठावं, सरकारी फीत असली कच्ची असती म्हणून."

"अगं, ते..."

"इतकी वर्सं पायाला त्याल कोन लावतंय? लॉरीनं पाय चेंगरतोय, त्याला असली भोकं पडत न्हाईत."

"मग बोलली न्हाईस ती कधी?"

तेव्हा तिनं वर बघितलं. "बोलले असते तर भावाला जाऊ दिलं असतं व्हय मी? त्याला धरूनच ठेवला असता. म्हणून ठरवलं, मला कळलं न्हाय." आणि माळ पुढं करून म्हणाली, "घाला आता त्याला तुमच्या हातानं. नारळ फोडायचा हाय."

तुम्ही माळ घातलीत. अर्धी माळ कुदळीवरच पडली. पुढं मामा पेन्शनीवर सुखरूप आला. त्या दिवशी आई एकटीच न्हाणीत जाऊन रडली, तेही तुम्हाला ठाऊक असेल.

हे लिहिलेलं कुठं पाठवणार? घडी करून ट्रंकेतच ठेवते, जर्सीखाली. आणखी एक सांगते, कुणाला सांगितलेलं नाही. तुमचा नातूही फौजेत गेलाय. परवा त्याचा फोन आला. तुमचं ते वाक्य त्यानं कधी ऐकलेलं नाही, तरी म्हणाला, "गाडी उलटली गं आई. हाताला जरासं लागलंय. काळजी करू नको." मी म्हटलं, बरं. जेवलास का?

मलाही कळलं न्हाय, आप्पा.