एका बटणावरचं विमान

धोंडूभाऊ,
तुमच्या जैबूचा सलाम.

हात तीनदा धुतले, तरी नारळाच्या पाण्याचा चिकटपणा जात नाही. जेवणाची सुट्टी झालीय, बायका डबे उघडून बसल्यात आणि मला घास बघवत नाही. म्हणून शेडच्या मागे, तुम्ही तंबाखू मळायचात त्या दगडावर बसून लिहितेय. तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. इतके दिवस तुमची आठवण आली की रडू यायचं. आज माझीच मला शिसारी येतेय. शी!

सकाळी आपल्या विमानाच्या विजेच्या बोर्डाचं उद्घाटन झालं. हो, आपल्याच. विमानात चार जनरेटर, म्हणून चार पेट्या. प्रत्येकीनं आपापल्या जनरेटरची वीज बघायची. कमी पडली तर आधी चहाच्या शेगडीची वीज तोडायची, मग दिव्यांची, पण रेडिओ आणि पंप काही झालं तरी सोडायचे नाहीत. वरून हुकूम द्यायला कुणी लागत नाही. दोन वर्षं तुम्ही खपलात यावर, आणि तुमच्या हाताखाली मी सोल्डरिंग करत होते.

आठवतं का, ईदच्या शेवया घेऊन मी तुमच्या वाडीवर आले होते? तुम्ही मला बांधावर नेलंत. डोंगराच्या उतारावर चार भातखाचरं, एकाखाली एक. म्हणालात, "जैबू, हितं पान्याचा मुकादम कुटं दिसतो का तुला? वरच्यानं खालच्याचं पानी आडवायचं न्हाई, आन खालच्यानं वरच्याच्या हुकमाची वाट बघायची न्हाई. ज्यानं त्यानं आपल्या बांधावर हुबं ऱ्हायचं. झालं!"

कागदावर पेट्यांना नावंही त्या खाचरांचीच टाकलीत. वरचं, मधलं, आंब्याखालचं, ओढ्याचं. साहेब केवढे हसले होते! "मिस्त्री, हा विमानाचा नकाशा आहे की तुमचा सातबारा?" सगळी शेड हसली. तुम्हीही हसलात, भाऊ. मला तेव्हाही राग आला होता.

तुमचे दिवसपाणी उरकतात न उरकतात तोच साहेब माझ्या टेबलाशी आले. पाहुणे मोठे येणार, त्यांनी एक बटण दाबलं की शेडमधलं नमुन्याचं सगळं विमान उजळलं पाहिजे. चारही पेट्यांच्या हुकमाच्या वायरी एका बटणात आण. मी म्हटलं, "साहेब, धोंडूभाऊ असं नको म्हणायचे." तर म्हणतात, "धोंडू गेला. तू आहेस ना? तुझ्यासारखा हात कारखान्यात कुणाचा नाही."

आणि मी फुगले! गाढवासारखी फुगले. दोन दिवस मान मोडून तांबड्या वायरी एकत्र आणल्या, एका फ्यूजवर घेतल्या. एवढं सुबक काम मी तुमच्यासमोरही कधी केलं नव्हतं. या हातांची किळस येतेय मला.

आज त्या बटणाला हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. नारळ फोडायला दगड आणायचं कुणाला सुचलं नाही, तेव्हा आपल्या स्टोअरकीपरनं तो बोर्डाच्या लोखंडी कोपऱ्यावरच आपटला. पाणी कुठं गेलं असेल? सरळ बटणाच्या डबीत! मी पुढं होऊन हातानंच पुसत होते, तर साहेब दातओठ खात म्हणाले, "मागं हो, फोटो काढतायत." मग भाषण. एका बटणावर सगळं विमान! टाळ्या. भाऊ, मीही वाजवल्या.

पाहुण्यांनी बटण दाबलं. दिवे लागले, पंप घुरघुरला, आणि टाळ्या संपायच्या आत सगळं ठप्प. तो एकच फ्यूज उडाला आणि चारही पेट्या मेल्या. रेडिओसुद्धा गेला. तुमच्या पद्धतीनं एक पेटी भिजली असती, तर बाकी तिघींनी तिकडं बघितलंही नसतं.

पण खरी घाण पुढं आहे. साहेबांनी हार सारखा केला आणि पाहुण्यांना सांगितलं, "आमचा एक मिस्त्री होता, वारला बिचारा. त्याची जुनी वायरिंग आहे. अडाणी माणूस, दोष राहिला." बिचारा म्हणे! तुमच्या चंचीतला तंबाखू रोज फुकट खाणारा तो स्टोअरकीपर, त्यानं मान डोलावली. सगळ्यांनी डोलावली. मी माझ्या चपलेकडं बघत राहिले. थू माझ्या जिभेवर!

आता तीन वाजता कागदावर सही करायचीय. टाईप करून तयार आहे. दोष मूळ वायरिंगमध्ये होता, एका बटणाची रचना योग्य आहे. खाली वायरिंग करणारीची सही, म्हणजे माझी. ती झाली की हाच बोर्ड खऱ्या विमानात बसणार. या अल्ला, वर आभाळात फ्यूज बदलायला कोण खाली उतरणार आहे?

एक विचारू? रागावू नका. एका बटणाची गोष्ट पहिल्यांदा निघाली, त्या मिटिंगला साहेबांच्या खोलीत तुम्ही "साहेब म्हंत्यात तसं" एवढंच का बोललात? बाहेर येऊन मात्र माझ्यापाशी तासभर शिव्या दिल्यात. माझ्यापाशी वाघ आणि आत गरीब गाय! मला सोल्डरिंग शिकवलंत, वायर चाचपून ओळखायला शिकवलंत. साहेबाला नाही कसं म्हणायचं, तेवढं शिकवायचं राहिलं. तुम्हालाही येत नव्हतं म्हणा.

तर ऐका. शब्द देते तुम्हाला. तीन वाजता मी आधी बोर्डापाशी जाईन. मी जोडलेल्या तांबड्या वायरी साहेबांच्या डोळ्यांदेखत तोडीन. पेट्या पुन्हा तुम्ही केल्या होत्या तशा सुट्या करीन आणि ओढ्याचं खाचर बंद करून दाखवीन. बाकीची तीन चालू राहतील, हे मला माहीत आहे. साहेबांनाही बघू दे. मग त्या कागदावर, त्यांच्या टाईपाच्या खाली, माझ्या वाकड्या अक्षरात लिहीन, "बटणाची वायर मी जोडली. धोंडूभाऊंनी नाही. चूक माझ्या हातची आहे." आणि त्याच्याखाली सही करीन.

नोकरी जाईल. जाऊ दे. घरी घोरावाडीला कोंबड्या पाळीन, पण हा कागद गिळणार नाही.

भोंगा झाला. कात्री तुमचीच घेतलीय, मुठीला सुतळी गुंडाळलेली.

आपल्या बांधावर उभी,
तुमची जैबू