बैलांचा कासरा समज

धुळे,
१२ डिसेंबर १९९७

प्रिय पितांबरभाऊ,

माझा पाय आता बराच बरा आहे. डॉक्टर म्हणतात, प्लास्टर निघालं की चालशील, थोडा लंगडशील एवढंच. तसाही मी कधी शर्यती जिंकत नव्हतो. वहिनी काल कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या होत्या. तू मात्र एकदाही आला नाहीस, आणि का आला नाहीस ते मला ठाऊक आहे, म्हणून जास्तच लाज वाटते.

इथे दवाखान्यात भेटायला येणारा जो तो तुलाच बोल लावतो. बैल हाकणाऱ्याला साहेबाच्या यंत्रावर कुणी बसवलं, सख्ख्या भावाच्याच पायावर घातलं, असं. मी पडल्या पडल्या ऐकून घेतो. आधी दुखत होतं म्हणून गप्प होतो. पुढे लोकांची कीव बरी वाटू लागली म्हणून गप्प राहिलो.

खरं काय झालं ते अजून तुलाही कळलेलं नाही. नरडाण्याच्या आमच्या कारखान्यात हिरवळीसाठी मालकांनी परदेशातून ते गवत कापायचं यंत्र आणलं. त्यावर बसायचं, पण स्टिअरिंग नाही, नुसते दोन दांडे. पुण्याचा माणूस मला नीट शिकवून गेला होता. दांडे पुढे ढकलले की पुढे, मध्ये आणले की उभं, मागे ओढले की मागे. आधी सपाट जागेवर, पाती बंद ठेवून हात बसवायचा आणि यंत्रामागे कुणाला उभं राहू द्यायचं नाही. हे सगळं मला पाठ होतं. पण तुला तिथे नोकरीला चिकटवायची मला कोण घाई. पाती तेवढी बंद ठेवली, तुला बसवलं आणि म्हणालो, "बैलस्ना कासरा समज, बस." डावा ओढला की डावीकडे, उजवा ओढला की उजवीकडे. तू अशा झोकात चकरा मारल्यास की मी माळ्यांसमोर मिरवून घेतलं. थांबवायचं कसं, ते सांगायचंच राहिलं. वर मीच जाऊन मागे उभा राहिलो.

तू थांबायला दोन्ही दांडे ओढलेस. बैल असते तर जागच्या जागी थांबले असते. यंत्र मागे आलं. मी ओरडलो, थांब, तर तू आणखी जोरात ओढलेस. मी जितका ओरडत गेलो, तितका तू मला वाचवायला दांडे ओढत राहिलास.

काल निघताना वहिनी रडल्या. "मना हात बिघडी गया" म्हणत तू येत्या बाजारात बैलजोडी विकायला काढली आहेस, हे त्यांच्याकडून कळलं, म्हणून हे पत्र. भाऊ, तुझा हात बिघडलेला नाही. जन्मभर जे बरोबर ठरलं तेच त्याने केलं. चुकलो मी, आणि आज कारखान्यातही तसंच कळवलंय. जोडी विकू नकोस. सोमवारी प्लास्टर काढून मला सोडणार आहेत. कुणाची जीप पाठवू नकोस. मी एसटीने नरडाण्याच्या फाट्यावर उतरतो, तू गाडी जुंपून ये. तू हाकणार असलास तर मला या पायाची काळजी नाही.

तुझाच धाकटा,
जीवराम